पक्ष्यांमधील जिवाणूजन्य रोगांचे निदान आणि यजमानाच्या संरक्षणक्षमतेची उत्क्रांती : कुक्कुटपालनाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील आष्टा व परिसर हा कृष्णा खोऱ्यातील ऊसपट्टा म्हणून ओळखला जातो. उसाचे पैसे हाती येण्यास वर्ष-दीड वर्षाचा काळ लागतो. या मधल्या काळात दूध व कोंबडी हे जोडधंदे शेतकरी कुटुंबांना आधार देतात. एकीकडे हजारो ब्रॉयलर पक्षी असलेल्या शेड, तर दुसरीकडे घरामागच्या खुराड्यातील पाच-दहा गावरान कोंबड्या, असे कुक्कुटपालनाचे दोन प्रकार ग्रामीण महाराष्ट्रात शेजारी शेजारी नांदताना दिसतात. परसातील कोंबड्या व अंडी ही बहुधा घरातील स्त्रियांच्या हातखर्चाची मिळकत असते. साहजिकच रोगाची साथ आली की पहिला फटका या मिळकतीला बसतो.

पक्ष्यांच्या रोगांविषयी सर्वसामान्यांच्या मनात २००६ हे वर्ष कोरले गेले आहे. त्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाला व मोठ्या संख्येने कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. तो रोग विषाणूजन्य होता. जिवाणूजन्य रोग मात्र असा गाजावाजा करीत नाहीत. पांढरी हगवण अर्थात पुलोरम, कोंबड्यांचा विषमज्वर, कोंबड्यांची पटकी, ई. कोलाय या जिवाणूचा संसर्ग व मायकोप्लाझ्मामुळे होणारा दीर्घकालीन श्वसनरोग हे आजार कळपात दबक्या पावलांनी शिरतात आणि पुष्कळदा निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यांत दडून राहतात. म्हणूनच रोगजंतू 'ओळखणे' हा येथे कळीचा प्रश्न ठरतो.

ही ओळख दोन ठिकाणी होते. एक प्रयोगशाळेत व दुसरी खुद्द पक्ष्याच्या शरीरात. पहिली मानवाने गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत घडविली, तर दुसरी उत्क्रांतीने कोट्यवधी वर्षांत. या दोन्ही प्रक्रियांचा परिचय करून देणे व पाळीव पक्ष्यांच्या बाबतीत त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी

सूक्ष्मजीवशास्त्राच्या इतिहासात कोंबडीला मानाचे स्थान आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८७९-८० या काळात कोंबड्यांच्या पटकीवर संशोधन केले. या रोगास कारणीभूत असलेल्या जिवाणूचे जुने, क्षीण झालेले संवर्धन टोचलेल्या कोंबड्या दगावल्या नाहीत. इतकेच नव्हे, तर पुढे ताजे, जहाल संवर्धन टोचल्यावरही त्या वाचल्या. प्रयोगशाळेत क्षीण केलेल्या जिवाणूची लस या कल्पनेचा उगम या प्रयोगांत आहे. पुढे या जिवाणूच्या कुलाला पाश्चर यांच्या नावावरून 'पाश्चुरेला' हे नाव मिळाले.

१८८९ मध्ये क्लाइन यांनी इंग्लंडमध्ये कोंबड्यांच्या विषमज्वराच्या जिवाणूचे, तर १८९९ मध्ये रेटगर यांनी अमेरिकेत पिलांच्या पांढऱ्या हगवणीच्या जिवाणूचे वर्णन केले. आज हे दोन्ही जिवाणू साल्मोनेला या कुलात 'गॅलिनॅरम' व 'पुलोरम' या नावांनी ओळखले जातात. पुलोरमचा प्रादुर्भाव मुख्यतः लहान पिलांत होतो. पिले घोळक्याने उबेपाशी गोठून बसतात, शेपटीखाली पांढरी चिकट विष्ठा साचते व पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मोठ्या प्रमाणावर मरतूक होते. गॅलिनॅरमचा फटका वाढत्या व प्रौढ पक्ष्यांनाही बसतो. पुलोरममधून बचावलेली कोंबडी मात्र वरकरणी निरोगी दिसते, अंडी घालते आणि त्या अंड्यांतूनच जिवाणू पुढच्या पिढीत पाठविते. रोगवाहक पक्षी ओळखण्याची निकड येथूनच निर्माण झाली.

२. प्रयोगशाळेतील निदान

रोगवाहक कोंबडी शोधण्यासाठी विकसित झालेली सर्वांत सोपी पद्धत म्हणजे जलद समूहन चाचणी. पांढऱ्या फरशीवर कोंबडीच्या रक्ताचा एक थेंब व मृत जिवाणूंपासून बनविलेल्या जांभळ्या रंगाच्या प्रतिजनाचा एक थेंब एकत्र मिसळला जातो. रक्तात त्या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे असतील, तर दोन मिनिटांच्या आत रंगीत गुठळ्या दिसू लागतात. वीज, सूक्ष्मदर्शक वा महागडे उपकरण यांपैकी कशाचीही गरज नसलेली ही चाचणी खुराड्याच्या दारातच करता येते. याच चाचणीच्या बळावर अमेरिकेत १९३५ पासून राष्ट्रीय पातळीवर पैदाशीच्या कळपांची तपासणी सुरू झाली आणि कालांतराने तेथील व्यापारी कळपांतून पुलोरम व विषमज्वर हे दोन्ही रोग जवळपास हद्दपार झाले.

तथापि, ही चाचणी जिवाणूचा नव्हे, तर जिवाणूला पक्ष्याने दिलेल्या प्रतिसादाचा शोध घेते, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. संसर्ग नुकताच झाला असेल, तर प्रतिपिंडे तयार झालेली नसतात. लहान पक्ष्यांत ही चाचणी भरवशाची ठरत नाही. म्हणून ती साधारणतः चार महिन्यांच्या पुढील पक्ष्यांवर केली जाते. शिवाय साल्मोनेलाच्या अन्य प्रकारांचा संसर्ग वा पूर्वी झालेले लसीकरण यांमुळेही गुठळ्या दिसू शकतात. थोडक्यात, ही चाचणी संशयित पक्षी वेगळा काढण्यासाठी उपयुक्त आहे. अंतिम निर्णयासाठी नव्हे.

अंतिम निर्णयासाठी जिवाणू संवर्धन ही आजही प्रमाणभूत पद्धत मानली जाते. मृत पक्ष्याचे यकृत, प्लीहा वा अंडाशय यांतील नमुना प्रथम समृद्धिकारक द्रवात व नंतर निवडक पोषकमाध्यमावर ३७ अंश सेल्सिअसला वाढवून जिवाणूच्या वसाहती मिळविल्या जातात. त्यांची जैवरासायनिक ओळख पटविण्यास काही दिवस लागतात. मात्र या पद्धतीचा एक फायदा अन्य कोणत्याही पद्धतीत सहजासहजी मिळत नाही. जिवंत जिवाणू हाती असल्याने कोणते प्रतिजैविक त्यावर चालेल व कोणते चालणार नाही, हे प्रत्यक्ष पडताळून पाहता येते. मायकोप्लाझ्मासारख्या अत्यंत सावकाश वाढणाऱ्या जिवाणूच्या बाबतीत मात्र संवर्धनाला कित्येक आठवडे लागतात. तेथे प्रतिपिंडांवर आधारित एलायझा व डीएनएवर आधारित पीसीआर या पद्धतींचा आधार घ्यावा लागतो.

पीसीआर या तंत्रात जिवाणूच्या विशिष्ट जनुकाच्या असंख्य प्रती बनवून त्याचे अस्तित्व काही तासांत सिद्ध केले जाते. साल्मोनेलासाठी 'इन्व्ह-ए' या जनुकाचा शोध घेण्याची पद्धत सर्वत्र प्रचलित आहे. परंतु मेलेल्या जिवाणूचा डीएनएही पीसीआरमध्ये सापडतो. त्यामुळे औषधोपचारानंतरच्या नमुन्यांचा अर्थ जपून लावावा लागतो.

या भागाच्या दृष्टीने विचार करता पुण्यातील औंध येथील पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा आणि सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय या निदान व अध्यापनाच्या महत्त्वाच्या संस्था होत. ज्यांचे नाव या महाविद्यालयास देण्यात आले आहे ते क्रांतिसिंह वाळवा तालुक्यातीलच, येडेमच्छिंद्रचे. नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच खराब होणे ही निदानातील मोठी अडचण असते. ताजा मृत पक्षी बर्फावर, गळणार नाही अशा बंद वेष्टनात व औषध देण्यापूर्वी पाठविला, तरच संवर्धनाचा निष्कर्ष विश्वासार्ह ठरतो. औषध आधी व निदान नंतर असा क्रम झाला, की निदानाचा मार्गच बंद होतो.

३. पक्ष्याच्या शरीरातील ओळखयंत्रणा

जे काम प्रयोगशाळेत प्रतिजन व पोषकमाध्यम करतात, तेच काम पक्ष्याच्या शरीरात काही विशिष्ट ग्राही रेणू करतात. हे रेणू 'टोल-सदृश ग्राही' या नावाने ओळखले जातात. जिवाणूच्या शरीरात असणारे, पण पक्ष्याच्या शरीरात नसणारे घटक ते हेरतात. त्यांपैकी चौथा ग्राही जिवाणूच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड ओळखतो, तर पाचवा जिवाणूला पोहण्यास मदत करणाऱ्या कशाभिकेतील फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखतो. सस्तन प्राण्यांत जिवाणूचा डीएनए ओळखणारा नववा ग्राही कोंबडीत नाही. ते काम तिच्यात एकविसावा ग्राही करतो. एकाच गरजेला उत्क्रांतीने दोन वर्गांत दोन वेगळी उत्तरे दिल्याचे हे उत्तम उदाहरण होय.

धोक्याची सूचना मिळताच हेटरोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी संसर्गाच्या जागी धावून जातात. त्यानंतर काही दिवसांत प्रतिपिंडांची फळी उभी राहते. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या बी-पेशींच्या नावातील 'बी' हे अक्षरही पक्ष्याकडूनच आले आहे. १९५६ मध्ये ग्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की कोंबडीच्या अवस्कराजवळील 'बर्सा' ही पिशवी काढून टाकल्यास प्रतिपिंडांची निर्मिती खालावते. या बर्साचे आद्याक्षर पुढे पेशीच्या नावात रूढ झाले.

जिवाणूही या ओळखयंत्रणेला चकविण्याचे मार्ग शोधत असतो. साल्मोनेलाचे बहुतेक प्रकार कशाभिकायुक्त असतात. परंतु पुलोरम व गॅलिनॅरम या दोघांना कशाभिका नाही. म्हणजेच पाचव्या ग्राहीला जे चिन्ह दिसायला हवे, तेच या दोघांनी टाकून दिले आहे. कशाभिकायुक्त साल्मोनेला आतड्यात शिरताच दाह निर्माण होतो, पेशी गोळा होतात व संसर्ग बव्हंशी आतड्यातच रोखला जातो. पुलोरम व गॅलिनॅरम मात्र फारसा गलबला न करता आतड्याची भिंत ओलांडून यकृत व प्लीहेपर्यंत पोहोचतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कशाभिका नसलेला साल्मोनेला टायफिम्युरियम कोंबड्यांना दिला असता आतड्यातील प्रारंभिक दाह कमी झाला व जिवाणूला शरीरात खोलवर पसरणे सोपे गेल्याचे आढळले. पुलोरम तर प्लीहेतील भक्षकपेशींमध्येच महिनोन्महिने दडून राहतो आणि कोंबडी अंड्यावर येण्याच्या सुमारास, तिची पेशीय प्रतिकारशक्ती तात्पुरती मंदावताच, वाढून अंडवाहिनीकडे सरकतो. ज्या पेशीने चोर पकडायचा तिच्याच घरात चोराने मुक्काम ठोकावा, असा हा प्रकार आहे.

४. संरक्षणक्षमतेची उत्क्रांती

रोग हा नैसर्गिक निवडीचा एक प्रबळ घटक आहे, हा विचार जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये स्पष्टपणे मांडला. पुढे १९५७ मध्ये हे शास्त्रज्ञ भारतात आले व अखेरपर्यंत येथेच राहिले. त्यांच्या विचारामागील तर्क सरळ आहे. कळपातील सर्व पक्षी सारखे नसतात. त्यांच्यातील काही फरक आनुवंशिक असतात. साथीत काही पक्षी मरतात व काही वाचतात. वाचलेल्यांची पिले पुढची पिढी बनवितात. या चारही अटी पूर्ण झाल्या, तर प्रतिकारक्षमता पिढ्यांगणिक वाढत जाते.

ही प्रक्रिया शास्त्रज्ञांच्या डोळ्यांदेखत घडल्याचे उदाहरण अमेरिकेतील हाऊस फिंच या लहान पक्ष्याचे आहे. कोंबड्यांमध्ये श्वसनरोग निर्माण करणारा मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम हा जिवाणू १९९४ च्या प्रारंभी वॉशिंग्टन परिसरातील फिंच पक्ष्यांमध्ये आढळून आला. डोळे सुजून बंद झालेले हे पक्षी अन्न शोधू शकत नव्हते. काही वर्षांतच साथ अमेरिकेच्या पूर्व भागात पसरली व पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटली. पुढे संशोधकांनी एक तुलना केली. अलाबामातील पक्ष्यांनी सुमारे बारा वर्षे या जिवाणूशी सामना केला होता; ॲरिझोनातील पक्ष्यांचा त्याच्याशी संबंधच आलेला नव्हता. दोन्ही गटांना २००७ मध्ये मिळविलेल्या जिवाणूचा संसर्ग दिला असता अलाबामातील पक्ष्यांमध्ये जिवाणूंचे प्रमाण कमी राहिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने एका तपात प्रतिकारक्षमता विकसित होऊ शकते, हे दाखवून दिले.

परंतु कथा येथेच संपत नाही. जिवाणूही बदलला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार एकदा बऱ्या झालेल्या पक्ष्यात निर्माण होणारी प्रतिकारशक्ती अपुरी असते आणि अशी अपुरी प्रतिकारशक्ती अधिक जहाल जिवाणूंना अनुकूल ठरते, कारण सौम्य जिवाणू अडविले जातात व जहाल तेवढे निसटतात. यजमान व रोगजंतू यांची ही शर्यत कायमची जिंकता येत नाही. त्यात केवळ टिकून राहता येते.

येथे प्रतिकार व सहनशीलता यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. प्रतिकारक्षम पक्षी जिवाणूंची संख्या घटवितो. सहनशील पक्षी जिवाणू अंगात बाळगूनही आजारी पडत नाही. स्वतः पक्ष्याच्या दृष्टीने दोन्ही मार्ग हिताचे असले, तरी कळपाच्या दृष्टीने सहनशील पक्षी हा न दिसणारा स्रोत ठरतो. 'गावरान कोंबडीला रोग होत नाही' हा समज या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. रोगाची लक्षणे न दिसणे म्हणजे जिवाणू नसणे नव्हे.

५. पाळीव पक्ष्यांमध्ये खंडित झालेली प्रक्रिया

कोंबड्यांमध्ये साल्मोनेलाविरुद्धची प्रतिकारक्षमता आनुवंशिक असते, हे सिद्ध झाले आहे. २००१ मध्ये पाचव्या गुणसूत्रावरील 'साल-१' या स्थानाचा शोध लागला. या स्थानाचे अनुकूल रूप असलेल्या पक्ष्यांच्या भक्षकपेशी गिळलेले जिवाणू अधिक कार्यक्षमतेने नष्ट करतात. म्हणजे निवडीसाठी लागणारे आनुवंशिक वैविध्य कोंबडीच्या जातीत आहे. प्रश्न असा, की आधुनिक कुक्कुटपालनात त्याची निवड होते काय?

ब्रॉयलर शेडमधील पक्षी साधारणतः सहा आठवड्यांत विक्रीस जातो. साथीत जो वाचला तो आणि जो वाचला असता तो, दोघांचीही पिले पुढच्या पिढीत येत नाहीत. पुढची पिल्ले येतात ती दूरच्या, कडेकोट स्वच्छता पाळणाऱ्या पैदास केंद्रांतून, जेथील पक्ष्यांची निवड मुख्यतः वजनवाढ, खाद्याचा उपयोग व अंडी उत्पादन या निकषांवर पिढ्यान्‌पिढ्या झालेली असते. हॉल्डेन यांच्या तर्कातील शेवटची अट येथे तुटते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक जनुकीय अभ्यासात व्यापारी पैदाशीच्या शुद्ध वंशांमध्ये कोंबडीच्या मूळ जनुकीय विविधतेपैकी निम्मी वा त्याहून अधिक विविधता आढळत नाही, असा निष्कर्ष निघाला.

याचा परिणाम असा, की संरक्षणाची जबाबदारी पक्ष्याच्या शरीराकडून प्रयोगशाळा, लस व औषध यांच्याकडे सरकली. ही व्यवस्था यशस्वी झाली नाही असे नाही. अमेरिकेतील पुलोरम निर्मूलन हे तिचेच यश होय. परंतु त्या यशालाही एक बाजू आहे. कळपांतून गॅलिनॅरम हटल्यावर मोकळी झालेली जागा त्याच्या जवळच्या नात्यातील साल्मोनेला एन्टरायटिडिसने घेतली असावी, असा तर्क बॉयमलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडला. हा जिवाणू कोंबडीला फारसा त्रास देत नाही. अंड्यांमार्फत माणसाला मात्र आजारी पाडतो.

औषधांची बाजू अधिक चिंताजनक आहे. रोग ओळखल्याविना प्रतिजैविके देत राहिल्यास निवड होते ती प्रतिकारक्षम कोंबड्यांची नव्हे, तर प्रतिकारक्षम जिवाणूंची. कोलिस्टिन हे माणसांच्या गंभीर संसर्गात अखेरचा उपाय म्हणून वापरले जाणारे औषध आहे. त्याला दाद न देण्याची क्षमता एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे नेणारे 'एमसीआर-१' हे जनुक २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी नोंदविले. भारतात जुलै २०१९ मध्ये कुक्कुटपालनासह सर्व अन्नोत्पादक प्राण्यांसाठी या औषधावर केंद्र सरकारने बंदी घातली. खुराड्यातील निदानाचा प्रश्न अशा रीतीने रुग्णालयातील खाटेपर्यंत येऊन पोहोचतो.

६. परसातील कोंबडी व सह्याद्रीतील रानकोंबडा

परसातील कोंबडीच्या बाबतीत नैसर्गिक निवड अद्याप थांबलेली नाही. येथे वाचलेली कोंबडीच खुडूक होते, अंडी उबविते व पिले काढते. मात्र या निवडीची किंमत पिलांच्या मरतुकीच्या रूपाने गृहिणी मोजत असते, हे विसरून तिचे गोडवे गाणे उचित नव्हे. समूहन चाचणीसारखी स्वस्त पद्धत येथे दुहेरी उपयोगाची ठरू शकते. ज्या कोंबड्यांची अंडी उबवणीस ठेवावयाची त्यांचीच आधी तपासणी केली, तर रोगवाहक कोंबडीची अंडी खाण्यासाठी नीट शिजवून वापरता येतील व निरोगी कोंबडीची अंडी पैदाशीसाठी ठेवता येतील. निसर्ग जी निवड मृत्यूच्या मार्गाने करतो, ती चाचणीच्या मार्गाने करता येईल.

सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत विस्तारलेल्या चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, तसेच सह्याद्रीच्या अन्य रानांत राखी रानकोंबडा आढळतो. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियाकडील तांबडा रानकोंबडा असला, तरी पाळीव कोंबड्यांच्या पायांची व त्वचेची पिवळी छटा राखी रानकोंबड्याच्या जनुकातून आली आहे, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे सह्याद्रीतील या पक्ष्याचा अंश जगभरच्या कोंबड्यांत आहे. वन्य पक्ष्यांतील अशी जनुके हा भविष्यातील पैदाशीचा ठेवा असून त्याचे रक्षण अगत्याचे आहे. फिंच पक्ष्यांच्या उदाहरणातून दिसते की कोंबड्यांचा रोगजंतू रानातल्या पक्ष्यांपर्यंत पोहोचू शकतो. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात वा उघड्यावर टाकण्याऐवजी चुना घालून खोल खड्ड्यात पुरणे ही साधी गोष्ट या दृष्टीने वन्यजीव संरक्षणाचाच भाग ठरते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते, की रोगजंतूचे निदान व यजमानाची उत्क्रांती हे दोन स्वतंत्र विषय नसून एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. ज्या कळपात पक्ष्याच्या शरीराला निवडीची संधी उरलेली नाही, तेथे प्रयोगशाळेतील निदान हीच संरक्षणाची पहिली फळी असते आणि ती दुबळी राहिली तर तिची जागा अंदाजाने दिलेली औषधे घेतात. ज्या कळपात निवड अद्याप चालू आहे, तेथे निदानाच्या साहाय्याने तिला कमी वेदनेची दिशा देता येते.

ग्रामीण महाविद्यालयांना या क्षेत्रात करण्याजोगे पुष्कळ आहे. आजारी पक्ष्यांपासून जिवाणू वाढविण्याचे काम योग्य सुरक्षा नसलेल्या प्रयोगशाळेत करू नये. ते पशुवैद्यकीय संस्थांवर सोपवावे. परंतु परसातील कोंबड्यांच्या मरतुकीची ऋतुनिहाय नोंद, औषध वापराचे सर्वेक्षण, स्त्रियांच्या मिळकतीवरील परिणामांचा अभ्यास व नमुना पाठविण्याच्या पद्धतीविषयी प्रबोधन ही कामे प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे हाती घेण्यासारखी आहेत. शेतकऱ्याच्या दारातील मेलेली कोंबडी औषधाच्या दुकानाऐवजी प्रथम निदानाच्या टेबलापर्यंत पोहोचावी, एवढे साधले तरी या प्रयत्नांचे सार्थक होईल.